पंख्यावरचा आळ

देवगाव रंगारीच्या महिला गटाचं मका वाळवायचं यंत्र बिघडलं, तेव्हा पहिला आळ पंख्याच्या मोटरीवर आला. ती मोटर जहांगीरभाईंनी नवी तार गुंडाळून भरलेली होती. शहरात मुकुंदवाडीला, स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि तीस वर्षांत त्यांच्या हातची मोटर कुणी परत आणली नव्हती.

अवघड गोष्ट अशी, की यंत्र दुरुस्त करायला जाणार होती त्यांचीच मुलगी, मुबश्शिरा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती दोन वर्षांपासून पुंडलिकनगरात बद्रीनाथ सरांच्या वर्कशॉपमध्ये काम करत होती. यंत्राचं सर्किट सरांचं, प्रोग्रॅम तिचा.

मक्याच्या खोलीत एक कंट्रोलर बोर्ड होता. तो दर दोन सेकंदांनी तापमान मोजायचा आणि तीन वायरींवरून बाहेरच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला कळवायचा. कॉम्प्युटर तो आकडा पडद्यावर दाखवायचा, बटण दाबलं की दिवसभराच्या तापमानाचा आलेखही काढायचा, आणि आकड्याप्रमाणे हीटर, पंखा चालू-बंद करायचा. मका बियाण्याचा होता. खोली चाळीस अंशांच्या फार वर गेली, तर दाणा उगवायचा नाही. आणि चार दिवसांपासून पडद्यावर आकड्यांच्या जागी मधेच चौकोन, प्रश्नचिन्हं, कसलीही अक्षरं उमटत होती.

"पंखा फिरला की बिघडतं म्हणतात," बद्रीनाथ सर म्हणाले. "मोटरीमुळं वायरीत गडबड होतेय. उद्या जा आणि मोटर बदलून ये. तुझ्या वडिलांना वाईट वाटेल, पण इलाज नाही."

घरी तिनं जेवताना सांगितलं. जहांगीरभाईंनी घास खाली ठेवला.

"खराब रही तो ले आ, मैं फिर से भरता," ते म्हणाले. "लेकिन पहले देख. बाप की है बोलके बचाना नहीं, और साहब बोले बोलके फेंकना बी नहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती देवगावला पोचली. गटाच्या अध्यक्ष द्वारकाबाई शेडपाशीच उभ्या होत्या. साठीच्या आसपासची बाई, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. पडद्याचा भरवसा राहिला नाही म्हटल्यावर त्यांनी खोलीत काचेचा थर्मामीटर टांगला होता आणि चार दिवस हीटर हातानं चालू-बंद करत मका सांभाळला होता.

मुबश्शिरानं आधी वायरी तपासल्या. तिन्ही जागच्या जागी होत्या. बोर्ड आणि कॉम्प्युटर, दोघांचा बोलायचा वेग एकच लावलेला होता. तरी तिनं वायर नवी टाकली आणि पंखा सुरू केला. पडद्यावर लगेच चौकोन उमटले. पंखा पडद्यावरून बंद केला, तर वीस मिनिटं आकडे अगदी नीट. पुन्हा सुरू केला, पुन्हा चौकोन.

म्हणजे आळ खराच. अब्बांची मोटर उचलून परत न्यायची. तिनं पाना हातात घेतला.

"थांब पोरी," द्वारकाबाई म्हणाल्या. "आधी ही वही बघ."

शाळेच्या वहीत त्यांनी टपोऱ्या अक्षरात चार दिवसांचं सगळं लिहून ठेवलं होतं. किती वाजता, किती अंश, पंखा चालू का बंद, पडद्यापाशी कोण. अक्षरं बिघडल्याच्या सात नोंदी होत्या. सहा वेळा पंखा चालू होता. सातवी अशी होती: 'बुधवार, सव्वाअकरा. लाइट गेली. संस्कृतीनं आलेख उघडला. अक्षरं बिघडली.'

"मावशी, तेव्हा पंखा बंद होता?"

"लाइटच नव्हती तर फिरंल कसा? तुमचा कॉम्प्युटर अन् बोर्ड तेवढे बॅटरीवर चालू व्हते."

"सरांना सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. पंखा म्हणले तेवढंच त्यांनी ऐकलं."

मुबश्शिरानं पाना ठेवला आणि पंख्याची पिनच काढून टाकली. संस्कृतीला, म्हणजे द्वारकाबाईंच्या सुनेला, तिनं आलेख उघडायला सांगितला. दोन-तीन आकडे गेले आणि चौकोन आले. आलेख मिटला, आकडे नीट झाले. मग तिनं पडद्यावरचं पंख्याचं बटण दाबलं. खरा पंखा हलणं शक्यच नव्हतं. पडद्यावरच्या कोपऱ्यात मात्र छोट्या पंख्याचं चित्र गरगर फिरायला लागलं, आणि चौकोन उमटले.

ते चित्र तिनंच टाकलं होतं. बायकांना छान वाटेल म्हणून.

मग मात्र तिचं डोकं झपाट्यानं चालायला लागलं. बोर्ड आणि कॉम्प्युटर आपापल्या घड्याळानं मोजून एकमेकांशी बोलत होते. चित्र फिरवायचं, आलेख काढायचा, असं जड काम आलं की कॉम्प्युटर आपलं आतलं घड्याळ पळवायचा. वायरीवरचं मोजणं त्याच घड्याळावर चालायचं. मग समोरून आलेलं अक्षर तो चुकीचंच वाचणार.

त्या कॉम्प्युटरमध्ये बोलायची दुसरीही एक सोय होती, स्वतःच्या, वेग न बदलणाऱ्या घड्याळाची. ती ब्लूटूथला दिलेली होती आणि इथं ब्लूटूथ कुणाला लागत नव्हतं. तिनं ते बंद केलं, बोर्डाच्या वायरींना ती जागा दिली आणि सगळं पुन्हा सुरू केलं. पंखा लावला. आलेख उघडला. चित्रही फिरू दिलं.

दोन तास तिघी पडद्यासमोर बसल्या. तीन हजार सहाशे आकडे आले. एकही बिघडला नाही. द्वारकाबाई मधूनमधून उठून थर्मामीटर बघून येत आणि म्हणत, "बराबर हाय."

तिनं सरांना फोन लावला. "सर, मोटर चांगली आहे. चूक माझ्या मांडणीत होती. मावशींच्या वहीमुळं सापडली, आता दुरुस्त झाली."

"फोन स्पीकरवर टाक," सर म्हणाले. "मावशी, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात, मी अर्धंच ऐकलं."

"असू द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण बाकीच्या गावांतल्या यंत्रांपाशी बी वही ठेवा. कशी लिहायची ते मी येऊन दाखवीन."

संध्याकाळी जहांगीरभाई एका गिऱ्हाइकाची मोटर खोलून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, वहीतली सातवी नोंद तिच्या फोनवरच्या फोटोत दोनदा वाचली आणि गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाले, "मेरी बेटी है. खुद की गलती खुद पकडके आई." मोटर भरल्याचं कौतुक तीस वर्षं ऐकलेला तो माणूस त्या दिवशी मोटरीबद्दल एक शब्दही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात मुबश्शिरा दुसऱ्या गावच्या यंत्रावर तीच दुरुस्ती करायला गेली. सोबत द्वारकाबाई होत्या, पिशवीत पाच कोऱ्या वह्या घेऊन. शेडपाशी जमलेल्या बायकांतल्या एकीनं विचारलं, "इंजिनिअर साहेब मागून येतायत का?"

"साहेब कामून?" द्वारकाबाईंनी मुबश्शिराचा हात धरून तिला पुढं केलं. "ही आमची इंजिनिअर. हिनंच बनवलंय हे, अन् बिघडलं तर हीच नीट करती."

मुबश्शिरानं ओढणी खांद्यावर नीट केली, पेटी उघडली आणि बायकांना पडद्याजवळ बोलावलं. "या, सगळ्याच या," ती म्हणाली. "हे कसं बोलतं, ते आधी दाखवते."