दक्षिणेची खिडकी

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा आमच्या साखर कारखान्यानं परंड्याच्या रस्त्याला दवाखाना बांधला. नकाशा गोपाळकृष्णचा. पुण्यात शिकलेला, पण नुसत्या भिंती उभ्या करणारा नव्हे. रानात ढेकळांवर आडवा पडून त्यानं ठरवलं, की आजाऱ्याला मान न वळवता समोरचं तळं दिसलं पाहिजे. म्हणून खिडक्या गुडघ्याइतक्या खाली. कॉट कुणी हलवू नयेत म्हणून त्याही सिमेंटच्या, उशाकडं चढ देऊन बांधलेल्या. मी तिथली सिस्टर, सुमन. मला तो वॉर्ड जीव की प्राण.

पेशंट मात्र वळकट्या उचलून व्हरांड्यात जाऊन निजायचे. मला वाटायचं, उकाड्यानं. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

एक दिवस गोपाळकृष्णचे वडील, तुळजापूरचे नारायणराव गुरुजी, लेकाचं काम बघायला आले. व्हरांड्यातच त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, लगेच कॉटवर निजवा, डोकं उंच हवं, मग हलू देऊ नका. आम्ही त्यांना कॉटजवळ नेलं. खिडकीतलं ऊन बघितलं आणि गुरुजी ताठ झाले.

"पाय दक्षिणेला? अरे, मेलेल्याला निजवतात असं!"

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच असल्या दिशा सोडल्या. म्हटलं, "गुरुजी, मी रोज अशीच झोपते. काय बी होत न्हाय."

उलटं निजवावं, तर चढामुळं डोकं खाली जाणार. गुरुजी भिंतीला धरून उभेच. ओठ निळे पडायला लागले.

"बाबा, झोपा ना!" गोपाळकृष्ण रडकुंडीला आला. "हे बघा, मी झोपून दाखवतो." शेजारच्या कॉटवर तो सरळ आडवा झाला. हात छातीवर, डोळे मिटलेले.

एकुलता एक मुलगा. "उठा" म्हणायला मी तोंड उघडलं, पण तोवर उशीर झाला होता. गुरुजींनी माझा हात झिडकारला. एवढं बळ त्यांच्यात कुठून आलं कोण जाणे.

"ऊठ! गोपाळ, ऊठ म्हणतो ना!"

त्याचा दंड धरून ते ओढायला लागले आणि तसेच त्याच्या अंगावर कोसळले.

डॉक्टर नाडी शोधत राहिले. गोपाळकृष्ण खाली उतरून वडिलांना गदागदा हलवत होता.

"उठलो, बाबा. बघा ना, उठलो मी."