पेपरात दिलेली आई

आई गेली तेव्हा वुकोताने थोरल्या भावाला फोन केला नाही. पेपरात दिलं.

पेपरात सगळेच देतात म्हणा. फोटो, नाव, खाली शोकाकुल मंडळी. वुकोताने त्यात पहिलं नाव थोरल्याचंच टाकलं, बात्रिचचं. मग स्वतःचं. मनाशी म्हणाला, झालं, अख्ख्या देशाला कळवलं.

पण पेपर होता वुकोताच्या बाजूचा, 'आम्ही सर्ब नव्हे, माँटेनेग्रोचे' म्हणणाऱ्यांचा. बात्रिच त्याला हातही लावत नाही. तिकडे बेराने शहरात त्याच्या घरी दुसरा येतो, सर्बांच्या बाजूचा. वुकोताला हे पक्कं ठाऊक होतं.

भांडण डिसेंबरातलं. बात्रिच चार दिवस गावी आलेला आणि नेमकी जनगणनेची बाई दारात. आईकडे बघून म्हणाली, "राष्ट्रीयत्व काय लिहू?"

"सर्ब लिहा," बात्रिच म्हणाला.

वुकोता उसळला. "पणजोबा एकोणीसशे एकोणीस साली सर्बियाच्या फौजेशी लढत डोंगरात कशासाठी मेला? माँटेनेग्रोसाठी! आणि त्याच्या घरात बसून तू सर्ब लिहायला सांगतोस?"

"पणजोबा माझाही होता रे. आणि स्वतःला सर्ब म्हणवून घ्यायला त्याची काही हरकत नव्हती."

"तू होतास वाटतं विचारायला!"

आई चुलीवर कॉफी ढवळत होती. "बाई, असं लिहा," ती म्हणाली, "हिला दोन मुलगे. दोन्ही गाढवं."

बाई तेवढी हसली. बात्रिच कॉफी अर्धी टाकून गेला. त्यानंतर फोन नाही, काही नाही. आणि एप्रिलात आई गेली.

"अहो, कळवा त्यांना," वुकोताची बायको रोसांदा म्हणाली. "आई आहे त्यांची."

"त्याने केला का एक तरी फोन?"

"मग मी करते."

"खबरदार!"

गावाला वाटलं, कळवलं असणारच, थोरलाच हट्टाला पेटलाय. त्यामुळे कुणी विचारलंच नाही.

शवपेटी डोक्याकडून थोरल्याने उचलायची. तिथे शेजारचा श्चेपान लागला. मग घरचे पुरुष रांगेत उभे राहिले आणि लोक एकेक करून हात मिळवत गेले. वुकोताने उजवीकडची जागा मोकळी ठेवली होती. खालच्या रस्त्यावर गाडी वाजली की मान तिकडे वळायची. दर वेळी दुसरंच कुणीतरी.

बात्रिच आला चौथ्या दिवशी. दाढी वाढलेली, काळा शर्ट, वर उघडा कोट. आत आलाच नाही, अंगणातच उभा राहिला.

"पेट्रोल पंपावर कळलं," तो म्हणाला. "कोण कुठला माणूस. म्हणतो, आईचं वाचलं, वाईट वाटलं. मी विचारलं, कुणाच्या आईचं?"

वुकोता पायरी उतरून खाली आला.

"डोक्याकडून कुणी धरलं?"

"श्चेपानने."

"ती माझी जागा होती."

"दादा, पेपरात दिलं होतं. तुझं नाव पहिलं आहे."

"तो पेपर मी घेत नाही. माहीत होतं ना तुला?"

थाप मारता आली असती. पण वुकोता म्हणाला, "होतं."

रोसांदाने राकिया दारूचा पेला आणला. बात्रिचने तो घेतला आणि न पिता कठड्यावर ठेवला. मग एकटाच कबरीकडे गेला. बराच वेळ तिथे होता. वुकोताला वाटत होतं, आपणही जावं. पाय निघाला नाही. वाटलं, परत येईल तेव्हा शिव्या घालील, कानाखाली देईल, मग आत येऊन बसेल.

बात्रिच परत आला. कोटाची बटणं लावली, हात पुढे केला आणि वुकोताच्या दोन्ही गालांना गाल लावले.

"माझ्या सहवेदना स्वीकार," तो म्हणाला.

हे परके म्हणतात. भाऊ भावाला म्हणत नाही. भाऊ शेजारी उभा राहून लोकांचे हात घेतो.

आणि वुकोताच्या तोंडून, चार दिवसांच्या सवयीने, निघून गेलं, "आभारी आहे."

गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा कुठे त्याच्या तोंडात 'थांब' आलं.