वाचनसाहित्य क्रमांक ११४०७

मित्रांनो, मी एक जुना, फिरता, किंचित लंगडा स्टँड आहे. वाचनालयाच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला मी उभा असतो. माझ्या डोक्यावर 'आमची शिफारस' अशी पाटी आहे. मला फिरवलंत तर मी कुरकुरतो. त्याचा राग मानू नका. या वाचनालयात बोलायची परवानगी असलेला मी एकटाच आहे.

माझा जन्म तारा वळवणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. पूर्वाश्रमी मी मोज्यांच्या दुकानात होतो. दुकान बुडालं आणि मालकाने मला वाचनालयाला दान करून टाकलं. मोज्यांकडून साहित्याकडे असा माझा प्रवास झाला. पुष्कळांचा उलट होतो.

माझ्या बत्तीस खणांत नवी पुस्तकं, गाण्याच्या सीड्या आणि चित्रपट ठेवायचे आणि प्रत्येकाखाली कुणीतरी शिफारशीचं कार्ड लावायचं, अशी पद्धत ग्रंथपालबाईंनी घालून दिली. लिहिणारे तिघे. बाई स्वतः 'चिंतनगर्भ' आणि 'बहुआयामी' या दोन शब्दांखेरीज कार्ड लिहीत नसत. खिडकीवर पुस्तकं देणारा-घेणारा कारकून सगळ्याला 'भन्नाट!' म्हणायचा, बुरशीच्या रोगांवरच्या पुस्तकालासुद्धा. आणि तिसरे सूचीकार.

सूचीकार म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करून त्याला क्रमांक देणारे गृहस्थ. सव्वीस वर्षं तेच केल्यामुळे त्यांची शिफारसही नोंदीसारखीच निघायची. 'पाने २४८. नकाशे चार. बांधणी बरी.' हे वाचून कुणाला पुस्तक उरी कवटाळावंसं वाटेल? त्यांनी सुचवलेलं कधी कुणी घरी नेलं नाही. माझ्या सगळ्यात खालच्या खणात त्यांची एक सीडी दोन वर्षं पडून होती. चेलो नावाच्या, माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याची. कार्डावर लिहिलं होतं, 'वेळ ४१ मिनिटे. आवाज स्पष्ट. पुठ्ठा मजबूत.' सूचीकार रोज येता-जाता वाकून तो खण बघायचे आणि बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

माझ्या आयुष्यात नियमाने येणारा माणूस एकच, समोरच्या इमारतीतले आजोबा. कारकुनाने त्यांचं नाव 'नापसंत आजोबा' ठेवलं होतं. दहाच्या ठोक्याला ते यायचे, मला पूर्ण एक फेरा फिरवायचे, प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचायचे, "हं!" म्हणायचे आणि आतल्या कपाटातून भलतंच काहीतरी काढून न्यायचे.

"आजोबा, एकदा तरी आमचं ऐका की," कारकून म्हणायचा.

"शिफारस म्हणजे काय रे? आपण भोगलं ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं!"

असं बरं चाललं होतं. मग तपासनीस आले, हातात यादी घेऊन.

नियम साधा होता. ज्या वाचनसाहित्याला पाच वर्षांत एकाही वाचकाने घरी नेलेलं नाही, ते बाद. तपासनिसांनी यादीवरून बोट खाली आणलं. "क्रमांक अकरा हजार चारशे सात. एकदाही गेलेलं नाही. कुठंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पायावर तो क्रमांक पांढऱ्या रंगात, सुबक अक्षरात लिहिलेला आहे.

"अहो, हा स्टँड आहे," बाई म्हणाल्या.

"यादीत वाचनसाहित्य म्हटलंय. कुणी लिहिलं?"

"मी," सूचीकार म्हणाले. "लोक याच्यावरचं वाचतात. म्हणून वाचनसाहित्य."

"मग खोडून टाका."

सूचीकारांचा चेहरा कुणीतरी त्यांचं नाव खोडायला सांगितल्यासारखा झाला. "दाखल नोंदवहीत खाडाखोड करत नसतात. सव्वीस वर्षांत मी एक काना खोडलेला नाही."

"ठीक आहे," तपासनीस अगदी प्रेमाने म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत एखाद्या वाचकाने नेला तर राहील. नाहीतर भंगारात. आणि कर्मचाऱ्यांनी नेलेलं धरणार नाही."

ते गेल्यावर कारकून सूचीकारांवर घसरला. "काका, कमाल आहे तुमची! एक रेघ मारायला काय जातं तुमचं?"

"आज एक रेघ मारली की उद्या वहीवर कोण विश्वास ठेवील?"

"स्टँड जातोय, काका!"

"कळतंय मला," सूचीकार म्हणाले आणि बुटाची नसलेली नाडी बांधायला खाली वाकले.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी माझ्या सगळ्यात वरच्या खणात तीन कार्डं लागली. मी जन्मभर दुसऱ्यांची शिफारस अंगावर वागवली. आता माझीच आली होती. बाईंनी लिहिलं होतं, 'चारही बाजूंनी विचार करायला लावणारा, बहुआयामी स्टँड.' इथे तो शब्द पहिल्यांदाच खरा होता. कारकुनाने लिहिलं होतं, 'भन्नाट! एकदा न्याल तर परत आणावासा वाटणार नाही!' दुसरं वाक्य बाईंनी खोडायला लावलं. सूचीकारांनी लिहिलं होतं, 'उंची पाच फूट दोन इंच. खण ३२. एक पाय आखूड, खाली पुठ्ठा. आवाज करतो. तरी उभा आहे.'

लोक वाचायचे, हसायचे आणि हसण्यावारी न्यायचे. एका बाईंनी विचारलं, "याचा दुसरा भाग निघालाय का?" एक मुलगी मला खरोखर न्यायला निघाली होती, पण तिची आई म्हणाली, "घरात आधीच तुझ्या बापाची सायकल उभी आहे दिवाणखान्यात." महिना असा सरत आला. पत्नीच्या नावावर नेतो, असं कारकून म्हणाला, तर सूचीकार म्हणाले, "त्या वाचक नाहीत." आणि ते खरं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी भंगारवाला येऊन मला उचलून बघून गेला. माणूस आपलं वजन असं बघतो तेव्हा मनाला लागतं.

सकाळी आजोबा आलेच नव्हते. वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना उगवले. दात काढून आले होते, म्हणून गाल सुजलेला. त्यांनी मला सवयीने फिरवलं, माझी तीन कार्डं मोठ्याने वाचली आणि "हं!" म्हणाले.

"डोळे भरून बघून घ्या आजोबा," कारकून म्हणाला. "उद्या हा नसेल."

"नसेल म्हणजे?"

कारकुनाने सगळं सांगितलं. आजोबांचा दुसरा गालही सुजल्यासारखा झाला.

"अरे, मग मी काय करू? काय नेऊ नये ते मला कळायचं कसं?" त्यांनी खिशातून वाचकाचं कार्ड काढून खिडकीवर आपटलं. "नोंद करा याची. माझ्या नावावर!"

पळापळ झाली. माझ्या पाठीवर परतीच्या तारखेची चिठ्ठी लागली. कारकून भराभरा माझे खण रिकामे करू लागला. सूचीकार मात्र सगळ्यात खालच्या खणापाशी बसले होते, सीडीवर हात ठेवून. ती काढायला हवी होती. तिची वेगळी नोंद व्हायला हवी होती. नोंदीशिवाय या दारातून सव्वीस वर्षांत सुतळी बाहेर गेली नव्हती.

ते उठले. "झालं रिकामं," म्हणाले.

मी काही बोललो नाही. कुरकुरलोसुद्धा नाही.

आजोबांच्या घरी दार सुनेने उघडलं. "बाबा, पुस्तक आणायला गेला होतात ना?"

"वाचनसाहित्यच आहे. क्रमांक बघ पायावर."

सुनेने क्रमांक बघितला, सासऱ्यांकडे बघितलं आणि रात्रीपर्यंत माझ्यावर सगळ्यांचे धुतलेले मोजे वाळत घातले. मित्रांनो, मला डोळे असते तर भरून आले असते. किती वर्षांनी!

आठव्या दिवशी हरवलेला एक मोजा शोधताना आजोबांना सीडी सापडली. त्यांनी कार्ड मोठ्याने वाचलं, "हं!" केलं आणि नातीच्या खोलीतल्या जुन्या प्लेअरवर ती लावली. संपल्यावर पुन्हा लावली. सुनेने जेवायला हाक मारली तर म्हणाले, "थांब गं. अजून संपलं नाही." ते संपून तिसऱ्यांदा सुरू झालं होतं.

चौदाव्या दिवशी मी परत आलो. सूचीकार लगेच खाली वाकले. सीडी जागेवर होती, कार्डही होतं. 'वेळ ४१ मिनिटे' याखाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'कमी पडतात.'

सूचीकारांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत पुसला. कारकुनाला वाटलं, ते आता काहीतरी बोलतील. पण मनापासून आवडलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे त्यांना एकाच प्रकारे माहीत होतं. त्यांनी नोंदवही उघडली आणि त्या कार्डाला दाखल क्रमांक देऊन टाकला.

म्हणजे पाच वर्षांनी तपासनीस आम्हा दोघांनाही शोधत येणार. तेव्हा मित्रांनो, एवढी विनंती आहे. मला हळू फिरवा. सूचीकारांची कार्डं शेवटपर्यंत वाचा. थोडं असतं, पण खरं असतं. आणि पाच वर्षांतून एकदा कुणीतरी मला घरी न्या. मी जड नाही. मोजे वाळत घातले तरी माझी काही हरकत नाही.