औषधाच्या पैशातला फेटा

मी एक फेटा आहे. गुलाबी, जरीकाठी. मला बघून लोक हरखतात. मला मात्र माझीच किळस येते.

इचलकरंजीच्या मागावर मी विणला गेलो. पुढं कोल्हापुरात बादशहाभाईंच्या दुकानात घडी होऊन पडलो. एखाद्या नवरदेवाच्या डोक्यावर बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

सत्तर-पंच्याहत्तरच्या दरम्यानची गोष्ट. दूर समुद्रकाठी वादळानं गावं बुडाली. लष्कराची कमांडो तुकडी तिथं विमानातनं हवाई छत्र्यांनी उतरली आणि पटकीच्या रोग्यांसाठी दवाखाना मांडून बसली. औषधं पुरेनात. तुकडीतला सुभेदार अंबादास आपल्या कोडोलीचा. त्याचं पत्र आलं, तशी पेठेतले पुढारी गणपतराव यांनी मदत समिती काढली. अंडी विकणाऱ्या चिमणाबाईनं आठवड्याची सगळी कमाई दिली.

दहा खोकी औषधं घ्यायचं ठरलं. पण न्यायला सुभेदार स्वतः येणार म्हटल्यावर गणपतराव म्हणाले, "कोल्हापुरात आल्याला पावणा बोडक्यानं जाईल व्हय? इज्जतीचा सवाल हाय!"

मग एकवीस फेटे आले. एक सुभेदाराला, वीस समितीला. बँड आला. मटणाचं जेवण झालं.

अंबादासच्या डोक्यावर मला बांधलं, तेव्हा तो एकच विचारत होता, "खोकी कुठं हायती?"

"हायती की! आधी फोटू तर हू दे."

फोटो झाले. खोकी निघाली तीन.

"बाकीची?"

"तुमच्या सत्काराला लागली, सुभेदार," चिमणाबाई मागून कडाडली. "ह्यांनी रश्श्यात बुडवून खाल्ली!"

अंबादासनं मला तिथंच डोक्यावरनं सोडलं आणि सत्काराला आलेल्या बादशहाभाईंपुढं धरलं. "गाडीला दोन तास हायती. फेटे परत घ्या, येतील तेवढी औषधं घेऊन जातो."

"घेतो की, सायेब. सगळे द्या."

अंबादासनं समितीकडं बघितलं. विसांतला एकही हात डोक्याकडं गेला नाही.

"भर सभेत फेटा उतरवायचा?" गणपतराव तांबडेलाल झाले. "आमची अब्रू काढताय व्हय?"

मला टेबलावर टाकून, तीन खोकी घेऊन अंबादास बोडक्यानंच गेला. महिन्यानं त्याचं पत्र आलं. तीन खोकी चार दिवस पुरली. पाचव्या दिवसाचं त्यानं काही लिहिलं नव्हतं. गणपतरावांनी ते पत्रही सभेत मोठ्यानं वाचलं आणि वर टाळ्या घेतल्या.

तेव्हापासून मी त्यांच्याच पेटीत आहे. दर सत्काराला मला ते स्वतः बांधतात. त्यांच्या तेलाचा वास माझ्या घडीघडीत मुरलाय.

बाबांनो, मी आठ मीटर चांगलं सुती कापड आहे. मला फाडा. माझ्या पट्ट्या करा, कुणाची तरी जखम बांधा. पण हे डोकं आता माझ्याच्यानं झाकवत नाही.