गरम दांडी

थंडीत माझं लिंगपूजेचं सोवळ्यातलं लुगडं वाळत नाही, ओलसरच नेसावं लागतं. म्हणून माझ्या लेकानं, योगीराजनं, मला बीडच्या दुकानात नेलं. टॉवेल वाळवायच्या विजेच्या दांड्यांतली साधी, एका बटणाची मी निवडली.

घरी वायरमननं विचारलं, "कुठं बसवू?"

"वरच्या बाथरूममधी," सून वर्षाराणी म्हणाली.

"अगं, मला कुठं जिना चढवतोय?"

"मंग लुगडं मी नेते की, आत्याबाई. माझा हात चालंल का आता?"

एकदा पाऊस आला म्हणून तिनं ते लुगडं दोरीवरून आत आणलं होतं. शिवलं म्हणून तिच्यादेखतच मी ते पुन्हा धुतलं होतं.

योगीराजनं दांडीचं खोकं वायरमनच्या हातात दिलं. वायरमन जिना चढला.