खोटा धीर

पुनाराम मेटाचा आवाज असा, की खाणीच्या तोंडाशी उभं राहून त्याने हाक दिली तर खाली काम करणारा माणूस हातातलं काम टाकून मान वर करायचा. आणि तोच आवाज, गावच्या देवळात गळ्यात वीणा आली की, ताज्या लोण्यासारखा मऊ व्हायचा. एकादशीला तो कीर्तनाला उभा राहिला की पारावर विडी ओढत बसलेली माणसंही विडी विझवून आत येऊन बसत. खाणीत वीस माणसांच्या टोळीचा पुढारी म्हणून त्याला सगळे मेट म्हणत. गावात तो महाराज होता.

असा हा माणूस चार महिन्यांत एकदाही कीर्तनाला उभा राहिला नव्हता. घसा बसला आहे, असं तो लोकांना सांगे. त्याची बायको जिजाबाई रोज हळद घालून दूध द्यायची. तो मुकाट्याने प्यायचा. घशाला काही झालेलंच नव्हतं.

खाण मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या भरवेलीच्याही पलीकडे, लहानशी, एका खासगी मालकाची. यंदा कोजागिरीच्या तोंडावर मालकाच्या मनात आलं, की सगळ्या मेटांना तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. माणसं कशी सांभाळावी, कसं बोलावं, कसं ऐकून घ्यावं. बालाघाटात लग्नाचा एक हॉल भाड्याने घेतला आणि नागपूरहून श्रुतिका नावाच्या तरुण मॅडम शिकवायला आल्या. लाल गाद्यांच्या खुर्च्यांवर मेट मंडळी नवरदेवाकडच्या पाहुण्यांसारखी अवघडून बसली.

"का बा महाराज," दुलीचंद कानाशी लागून म्हणाला. तो पुनारामच्याच गावचा, दुसऱ्या टोळीचा मेट, आणि देवळातला टाळकरी. "तुमाले बोलाले शिकवून राह्यले हे. मासोळीले पोहणं शिकवाव तसं झालं."

"शिकलेलं वाया जात नाही रे."

"हौ, पण जेवण चांगलं आहे म्हणते. म्या पनीर पाह्यलं मागं."

पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. एक जण नाव सांगूनच खाली बसला. पुनाराम उभा राहिला आणि नव्या माणसाला खाणीत पहिल्यांदा कसं उतरवावं, ते त्याने सांगितलं. त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घ्यावा, म्हणजे त्याची भीती आपल्याला हाताने कळते. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"काका, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"देवळात, मॅडम. कीर्तनात समोरचा माणूस उठून चालला की समजते, आपलं काहीतरी चुकलं."

सगळे हसले. हसला नाही तो फक्त पुनाराम, कारण एक बाई चार महिन्यांपूर्वी त्याच्या समोरून अशीच उठून गेली होती आणि परत आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेबलावर चिठ्ठ्या ठेवल्या. जी चिठ्ठी येईल तो प्रसंग करून दाखवायचा. कोणाला दारू पिऊन आलेला कामगार आला, कोणाला सुट्टीवरून भांडण. पुनारामने चिठ्ठी उघडली. वर हिंदीत छापलं होतं: 'आपके दल के एक साथी की दुर्घटना में मृत्यु हो गई है। घरवालों को बताइए।'

ऑफिसातल्या ललिताताई घरवाली म्हणून समोर खुर्चीवर बसल्या. हॉलमध्ये मागे कोणाची तरी चमचा-वाटी वाजत होती, तीही थांबली. पुनाराम दोन पावलं पुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला,

"वहिनी, घाबरू नोका. थोडंसं लागलं आहे. टाके घालून राह्यले. चला माह्यासंगं."

मेटांच्या माना खाली गेल्या.

"काका, थांबा," मॅडम मोकळेपणाने म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक! "हा खोटा धीर झाला. तो आपण आपल्या सोयीसाठी देतो, समोरच्याच्या नाही. वाईट बातमी पहिल्या वाक्यात सांगायची. सरळ. पुन्हा करा."

पुनाराम पुन्हा पुढे गेला. "वहिनी…" आणि तिथेच थांबला. तिसऱ्यांदा तर ओठच हलले नाहीत. दोन दोन तास अखंड बोलणारा माणूस, लाल गादीच्या खुर्चीपुढे हात जोडून नुसता उभा. शेवटी दुलीचंद उठला, मॅडमजवळ गेला आणि हळूच काहीतरी बोलला. मॅडमचा चेहरा उतरला. "चहा घेऊन घेऊ आपण," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. प्रेमलाल हा पुनारामच्या टोळीतला माणूस आणि त्याच्या कीर्तनातला मृदंग. बावीस वर्षं दोघं एका मोटरसायकलवर खाणीत गेले, एका मंडपात उभे राहिले. पुनारामचा स्वर कुठे अडखळणार, हे प्रेमलालच्या बोटांना त्याच्या आधी कळायचं. ज्येष्ठातल्या एका सकाळी दहाच्या सुमारास छताचा एक दगड सुटला. कोणाची चूक नव्हती, दगडाची वेळ आली होती. प्रेमलाल जागीच गेला. पुनारामने स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, स्वतः डोळे मिटवले होते.

घरी कळवायला तोच गेला. राजेगावच्या वाटेवर त्यांचं गाव.

आता ह्या मुलखात मरणाची बातमी कोणी तोंडावर फेकत नाही. 'तब्येत जास्त आहे, चला' एवढंच म्हणतात. ऐकणारा वाटेनेच समजत जातो, पोहोचेपर्यंत मनाची तयारी होते. जुन्या लोकांनी फार विचार करून घातलेली रीत आहे ती. पुनारामने तेवढं म्हटलं असतं, तर प्रेमलालची बायको रुख्माबाई समजली असती. पण ती दारात आली, हात पिठाचे, तोंडावर हसू. "अगं बाई, महाराज! आज उन्हाचे कसे?" आणि पुनारामच्या तोंडून रीतीच्याही पलीकडचं काहीतरी निघून गेलं. थोडंसं लागलं आहे, टाके घालून राह्यले.

मग एक खोटं सांभाळायला दुसरं आलं. ती डबा भरायला बसली. भात, वरण, आंब्याचं लोणचं. "लोणचं नोको वहिनी," पुनाराम म्हणाला, "टाक्याले आंबट चालत नाही." तिने लोणचं काढून ठेवलं. धुतलेला सदरा घडी करून पिशवीत घातला. वाटेत पिंपळाखालच्या मारुतीजवळ तिने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या फुफाट्यात तिने डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, त्यायले घरी धाड. कार्तिकाचा काकडा महिनाभर अनवाणी करीन. पहिला दिवा माह्या हाताचा राहीन." आणि मागे वळून विचारलं, "ऐकीन ना महाराज तो?"

"ऐकते, वहिनी. देव ऐकते."

हे तो बोलला. दोन तासांपूर्वी ज्याने मित्राचे डोळे मिटवले होते, तो.

दवाखान्यात लोकांनीही तिला सांभाळलं. नुकताच गेला, आत्ता, पाच मिनिटं झाली, असं सांगितलं, आणि टोळीतल्यांनीही पुढे तेच धरून ठेवलं. मग रुख्माबाईने आपला हिशोब लावला, आणि त्या बिचारीचा हिशोब कुठेच चुकला नव्हता. मी नवस बोलले तेव्हा माणूस जिवंत होता. त्यानंतर गेला. म्हणजे देवाने ऐकलं आणि नाही म्हटलं. तेराव्यानंतर तिने देवळीतली देवाची तसबीर उचलून धानाच्या कोठीमागे टाकली. पुढच्या एकादशीला बाया तिला ओढून देवळात घेऊन आल्या. पुनाराम नुकता कीर्तनाला उभा राहिला होता. देव हाकेला धावतो, असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं, आणि ती उठून गेली. त्या दिवसापासून त्याचा घसा बसला.

"तुमीच समजावा न तिले," जिजाबाई म्हणायची. "तुमचं ऐकत होती ते. देव बहिरा आहे म्हणते. असं बोलावं का माणसानं?"

जिजाबाईलाही खरं माहीत नव्हतं.

हॉलच्या मागच्या अंगणात मॅडम दोन कप चहा घेऊन आल्या. "काका, मला कोणी सांगितलं नव्हतं. मला माफ करा."

"तुमचं काय चुकलं? चिठ्ठी मीच उचलली." पुनारामने चहा बशीत ओतला आणि प्यायचा राहून गेला. "मॅडम, एक विचारू? पहिल्या वाक्यात नाही सांगितलं, त मंग कधी सांगाव? चार महिन्यांनी चालते का?"

मॅडमनी आपला कप खाली ठेवला. "हे माझ्या शिकवण्यात नाही काका," त्या म्हणाल्या. "माझे बाबा गेले तेव्हा घरच्यांनी मला फोनवर नुसतं 'लवकर ये' म्हटलं. मी बसमध्ये त्यांच्यासाठी संत्री घेतली. अजून वाटतं, कोणीतरी मला सांगायला हवं होतं. संत्री घेण्याआधी."

पुनाराम त्या दिवशी चार वाजताच निघाला. पिंपळाखालच्या मारुतीशी गाडी उभी केली. चार महिने तो इथून मान खाली घालून जात होता. आज समोर उभा राहिला. अभंग आठवेना, श्लोक आठवेना.

"देवा," तो म्हणाला, "माह्या वाटच्या शिव्या तू खाऊन राह्यला. चार महिने झाले, तू काही बोलला नाही."

दिवेलागणीला तो रुख्माबाईच्या ओसरीवर पोहोचला. ती सुपात तांदूळ निवडत होती. खुंटीवर प्रेमलालचा मृदंग त्याच्याच धोतरात गुंडाळून टांगलेला. देवळी रिकामी, आत दिव्याच्या काजळीचा जुना डाग तेवढा.

"या महाराज. जिजाबाईनं पाठवलं असन. उद्यापासून काकडा आहे, चाल म्हणासाठी. मी येत नाही, सांगून देजा तिले."

तिने पाट सरकवला. पुनाराम बसला नाही.

"वहिनी, मी तुमाले घ्याले आलो, तवा प्रेमलाल मेला होता."

सूप थांबलं. तांदळाचे चार दाणे सुपाच्या काठावरून खाली पडले. ते तिने वेचले, एकेक, आणि सुपात टाकले.

"किती वाजता?"

"दहाले. माह्या मांडीवर. म्या तुमाले बाराले खोटं सांगतलं."

"मारुतीजवळ थांबलो तवा?"

"दोन तास होऊन गेलते."

"आन तुमी म्हनलं, देव ऐकते."

"हौ."

शेजारच्या घरी कोणीतरी गाय बांधत होतं, तिच्या गळ्यातली घंटा वाजत राहिली. रुख्माबाई भिंतीकडे पाहत होती.

"लोणचं काढलं म्या तुमच्या म्हणण्यानं," ती म्हणाली. "त्यायले लोणच्याबिगर घास उतरत नवता. म्या रोज मनात म्हणो, का आखरीचा डबा, आन तोही अळणी दिला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं पुनारामला वाटलं. "काहून केलं असं?"

"तुमी हसत दारात आल्या. माह्यानं पाह्यलं गेलं नाही."

"म्हणजे तुमच्यासाठी केलं."

"हौ. माह्यासाठीच."

ती उठली. धानाच्या कोठीमागे हात घालून तिने चाचपलं, तसबीर ओढून काढली. काचेवर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. पदराने पुसता पुसता तिचे खांदे हलायला लागले. "चार महिने याले शिव्या देल्या म्या," ती म्हणाली. "पापी म्हनलं, बहिरा म्हनलं. याच्याजवळ त माही हाक पोचलीच उशिरा." तिने तसबीर देवळीत ठेवली, जुन्या डागावर नेमकी बसवली.

"वहिनी, माफी…"

"थांबा. बोलू नोका. तुमचं बोलणं लय झालं." तिने पणतीत तेल घातलं, वात लावली, ज्योत धरेपर्यंत पदर आड धरला. मग पाठमोरीच म्हणाली, "उद्या मी काकड्याले येतो. पण वीणा तुमच्या गळ्यात दिसली, त पायरीवरून वापस जाईन. याच्याशी मी बोलीन. तुमच्याशी नाही. आता जा, मेटसाहेब."

बावीस वर्षांत तिने त्याला महाराजांशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

घरी जाऊन त्याने जिजाबाईला सांगितलं, उंबरठ्यावर उभा राहूनच, पहिल्या वाक्यात. तिने हातातला दुधाचा पेला खाली ठेवला. त्या दिवशी त्यात हळद घातली नाही.

पहाटे काकड्याचा शंख वाजला तेव्हा अंगणात दव होतं. पुनारामने वीणा दुलीचंदच्या गळ्यात घातली. "अरे महाराज, माहा आवाज म्हणजे फुटका माठ," दुलीचंद कुरकुरला. मग पुनारामचं तोंड पाहून तारा जुळवू लागला.

पुनाराम बाहेर पायरीशी उभा राहिला, जिथे लोक चपला काढतात तिथे. एकेक जण आला, कोणी राम राम घातला, कोणी काहून बाहेर म्हणून विचारलं. मग रुख्माबाई आली. पाय अनवाणी, दवाने ओले, त्यांना गवताची पाती चिकटलेली. नवस फळला नव्हता, तरी ती अनवाणी आली होती. ती त्याच्या बाजूने अशी गेली, जशी खांबाच्या बाजूने जावी.

आत पहिला दिवा लागला. टाळ सुरू झाले. दुलीचंदचा आवाज पहिल्याच चरणाला फुटला, आणि जिथे मृदंगाने त्याला सावरायचं, तिथे काहीच नव्हतं. सगळे पुढचा शब्द शोधत राहिले. तेव्हा पायरीवरून, चपलांच्या ढिगाजवळून, पुनारामने ध्रुवपद उचललं. पुढचा नाही, मागे उभ्या असणाऱ्याचा स्वर, हलका. आतल्यांनी तो धरला आणि अभंग पुढे निघाला.

तो दाराकडे पाहत होता. ती उठून येते का, ते पाहत होता. हात जोडलेले, आवाज खाली ठेवलेला.

ती उठली नाही. वळूनही पाहिलं नाही.