न मालवलेला दिवा

खंडेनवमीला सकाळीच पुतळाबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि दत्तू दारात आडवा उभा राहिला.

"आई, सांगायचंच का? धा वर्सं झाली. आता उकरून काय मिळणार? लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू दे. मी पुसून घेईन."

बाई हट्टी. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात वीस वर्षं काढली. तुटलेला धागा सांधल्याशिवाय पाणी प्यायलाही उठायच्या नाहीत. पण चौऱ्याण्णव सालापासून तोंडाला जे कुलूप लावलं, ते लावलंच.

त्या वर्षीही खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती. एरवी फाटकावर काडेपेटी काढून घ्यायचे, पण त्या एका दिवशी प्रत्येक यंत्रापुढे दिवा लागे. नियम एकच: आरती झाली की ओल्या फुलानं दिवा शांत करायचा, मगच घरी जायचं. दत्तू तेव्हा नऊ वर्षांचा, विषमज्वरानं सिव्हिलमध्ये पडलेला. आठ दिवस ताप हटत नव्हता. पुतळाबाईंचा हात दिव्यापर्यंत गेला आणि थिजला. पोरगं तिकडं असं, आणि मी माझ्या हातानं दिवा मालवू? त्यांनी तो हळूच बॉबिनच्या पेटीमागं सरकवला आणि सिव्हिल गाठलं.

संध्याकाळी दत्तूचा ताप उतरला. त्याच संध्याकाळी गिरणी पेटली.

इंग्रजांच्या काळातली इमारत, सागवानी तुळया, आणि कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला कापूस. दोन तासांत होत्याचं नव्हतं झालं. सहाशे माणसं घरी बसली. कुणी मालेगावला मागावर गेलं, कुणी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राख उपसायला. दोष बसला गोटीराम वॉचमनवर, कारण त्याच्या खिशात बिड्यांचं बंडल सापडलं. बिड्या तो ओढायचाच, पण फाटकाबाहेर. चौकशीवाल्यांनी बंडल पाहिलं आणि तिथंच चौकशी आटोपली. तीन वर्षांत तो खंगून वारला. त्याची बायको कुसाबाई चाळीच्या नळावर कायमची शेवटच्या नंबरची झाली. तिचा हंडा बाया पायानं मागं सारायच्या. पुतळाबाई त्याच नळावर उभ्या असत आणि गप्प राहत. राग यावा असंच हे वागणं. त्यांना स्वतःलाही तो येत होता, रोज, हंडा भरताना.

आता गिरणीचं फक्त धुराडं उरलं होतं आणि दिवाळीनंतर तेही पाडणार होते. दर खंडेनवमीला जुनी माणसं त्याला हार घालायला जमत, दिवा मात्र कुणी लावत नसे. यंदा शेवटची वेळ म्हणून दोन-तीनशे माणूस आलं होतं. पुन्हा इतकी माणसं एका जागी कुठं भेटणार? पुतळाबाईंनी आठवडाभर आधीच ठरवून टाकलं होतं.

खात्याचा जुना मुकादम, भिमाजी जॉबर, त्यानं झेंडूचा हार चढवला. नारळ फुटला. पुतळाबाई पुढं झाल्या.

"त्या दिवशी मी माझा दिवा मालवला नाय," त्या म्हणाल्या. "पेटीमागं ठेवून गेले. आग त्यानंच लागली. गोटीरामदादाचा काय बी दोष नव्हता."

भिमाजीच्या हातातली नारळाची कवड खाली पडली. "पोटावर पाय दिलास गं आमच्या," कुणीतरी ओरडलं. दत्तू आईच्या बाजूला येऊन उभा राहिला.

गर्दीच्या कडेला कुसाबाई उभी होती, नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं. ती वाट काढत पुढं आली. लोक सरकले. पुतळाबाईंनी हात जोडले आणि गाल पुढं केला. बसली तर एक बसू दे, अशा तयारीनं.

कुसाबाईनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडं पाहिलंही नाही. तिनं त्यांना खांद्याला धरून गर्दीकडं वळवलं.

"मागच्यांना ऐकू नाय आलं," ती म्हणाली. "परत सांग. त्यांचं नाव घेऊन सांग."

पुतळाबाईंनी पदर खोचला, छातीत श्वास भरून घेतला आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.